जमिनीला विचारायला वेळ नव्हता?

तुमचा अहवाल परिशिष्टांसकट सगळा वाचला. अकराव्या पानावर चौकट आखून ठळक अक्षरांत लिहिलं आहे: जमिनीची उष्णतावाहकता २.४७ वॅट प्रति मीटर-केल्विन. खाली तिघांच्या सह्या. हा आकडा आला कुठून, हे बघायला परिशिष्टातली एक्सेल शीट उघडली आणि माझं डोकं फिरलं. टेस्ट चालली १४ तास. दुपारी चारला हीटर सुरू, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बंद. तेवढ्यावर जमिनीची वाहकता ठरवून एका शाळेच्या शंभर बोअरचं डिझाइन करून तुम्ही मोकळे झालात. तुम्ही तिघंही माझ्या वर्गातून शिकून गेलात, म्हणून हे गोड शब्दांत लिहिणार नाही.

काम काय होतं ते आधी आठवा. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एक शाळा बांधली जाते आहे. तिचं कूलिंग आणि हीटिंग, दोन्ही ग्राउंड सोर्स हीट पंपावर. उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता जमिनीत सोडायची, हिवाळ्यात जमिनीतून ओढून घ्यायची, आणि ही देवाणघेवाण व्हायची ती खोल बोअरमध्ये सोडलेल्या प्लास्टिकच्या यू-लूपमधून. पुण्यात बसून अमेरिकेतल्या इमारतींचं असं डिझाइन करणारी मुलं आता कितीतरी आहेत. तुम्हाला हे काम मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण काम लांबचं आहे म्हणून जबाबदारीही लांबची झाली, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ती शाळा तिथल्या लोकांच्या करातून उभी राहते आहे. छतावरचा चिलर बिघडला तर क्रेन लावून बदलता येतो. १२० मीटर खोल सोडलेला, ग्राउट भरून बंद केलेला लूप कुणालाही वर काढता येत नाही. त्यावर माती पडते, डांबर पडतं, मोटारी उभ्या राहतात. बोअर कमी पडल्याचं पाच-सात वर्षांनी कळलं, तर त्या पार्किंगवर पुन्हा रिग उभी करायला पैसे कोण देणार आहे?

हे तंत्र कालपरवाचं नाही, त्यामुळे ‘नवीन आहे, शिकतोय’ ही सबब मी ऐकणार नाही. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात १९९५ मध्ये चार प्राथमिक शाळा याच पद्धतीवर सुरू झाल्या. त्यांतल्या मॅक्सी शाळेसाठी २४० फूट खोल १२० बोअर आहेत. इंडियानात मन्सीच्या बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये काम सुरू करून सुमारे ३,६०० बोअर मारली आणि कोळशावरचे बॉयलर बंद केले. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात वाहकतेचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तर खड्ड्यात जाणारी रक्कम किती असते याचा अंदाज तुम्हाला यायला हवा.

आता तुमचं समर्थन. अहवालात म्हटलं आहे की २.४७ हा आकडा ‘चुनखडकाच्या प्रकाशित मर्यादेत बसतो’. अरे, तक्त्यात काय बसत नाही? कोरडी वाळू ०.४ च्या आसपास, तीच पाण्याने भरली की २ च्या वर. ओली चिकणमाती दीडच्या आगेमागे. ग्रॅनाइट ३ च्या पुढे, क्वार्ट्झाइट ५ च्याही पुढे. एकाच नावाच्या खडकात कमाल आणि किमान आकड्यांत सहज दुपटीचं अंतर पडतं, कारण खडकाच्या नावापेक्षा त्यातला क्वार्ट्झ, त्याची सच्छिद्रता आणि त्या छिद्रांत हवा आहे की पाणी, यावर वाहकता ठरते. पाण्याची वाहकता ०.६, हवेची ०.०२५. तुम्ही महाराष्ट्रात वाढलात. शेतात बोअर मारताना वर मुरूम, खाली काळा पाषाण, मधेच मांजऱ्या खडकाचा थर आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या बोअरला भलतंच काही, हे तुमच्या घरच्यांनी पैसे मोजून पाहिलेलं असेल. तरीही परक्या मुलखातल्या जमिनीविषयी तक्त्यावरून बोलायची हिंमत तुम्हाला कशी झाली? तक्ता पाहायचा तो टेस्टचा निकाल अगदीच वेडावाकडा तर नाही ना, एवढं तपासायला. निकाल खरा ठरवण्याची ताकद त्याच्यात नाही.

जमिनीलाच विचारायचं, ही कल्पना पाल्ने मोगेन्सेनने १९८३ मध्ये स्टॉकहोममधल्या परिषदेत मांडली. लूपमधलं पाणी ठरावीक शक्तीने तापवा किंवा थंड करा, फिरवत राहा आणि त्याचं तापमान काळानुसार कसं बदलतं ते लिहून ठेवा; जमीन स्वतःच आपली वाहकता सांगेल. पुढे १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये लुलिओ विद्यापीठात आणि अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात, एकमेकांवर अवलंबून न राहता, हे सगळं यंत्र ट्रेलरवर चढवून साइटवर नेलं गेलं. पंप, हीटर, फ्लो मीटर, दोन तापमापक, एक लॉगर. साहित्य एवढंच. अवघड काय आहे? थांबणं. आणि नेमकं तेच तुम्हाला जमलं नाही.

किती थांबायचं आणि का, हे तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. तुमचं टेस्ट बोअर ७५ मीटरचं, हीटर ४.५ किलोवॅटचा, म्हणजे मीटरमागे ६० वॅट. ॲशरे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या शिफारशीतल्या ५० ते ८० वॅटच्या मर्यादेत हे बसतं, इथवर ठीक. रेषीय स्रोताच्या सूत्रात पाण्याचं सरासरी तापमान वेळेच्या लॉगरिथमच्या प्रमाणात चढतं आणि त्या रेषेचा उतार म्हणजे मीटरमागची शक्ती भागिले (चार π गुणिले वाहकता). समजा जमिनीची खरी वाहकता २.० आहे. मग उतार आला २.३९. म्हणजे वेळ दुप्पट झाली की तापमान सुमारे १.६५ अंशांनी वाढणार. सहाव्या तासापासून बाराव्यापर्यंत १.६५, बाराव्यापासून चोविसाव्यापर्यंत १.६५, आणि पुढचे १.६५ मिळवायला अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत बसून राहावं लागतं. जमीन तिच्या गतीने उत्तर देते. क्लायंटच्या वेळापत्रकाशी तिला देणंघेणं नाही.

सुरुवातीचे तास तर हिशेबात धरायचेच नसतात, कारण तोवर उष्णता नळी आणि ग्राउट यांच्यातच घोटाळत असते. तेव्हाचा उतार ग्राउटविषयी सांगतो, जमिनीविषयी नाही. तुम्ही पहिले १० तास सोडलेत. नियम पाळलात, पण मग हातात उरलं काय? दहावा ते चौदावा तास. या चार तासांत २.० वाहकतेच्या जमिनीत तापमान चढायला हवं ०.८ अंश. शंभर बोअरचं भवितव्य तुम्ही ०.८ अंशांवर टांगलंत! तुमच्या शीटमध्ये ती चढ आहे ०.६५ अंश. हे ०.१५ अंश कुठे गेले? तेवढ्याच फरकाने २.० चे २.४७ होतात. आणि तुमच्या तापमापकाची अचूकता, तुम्हीच परिशिष्टात लिहिल्याप्रमाणे, अधिक-उणे ०.३ अंश. ज्या फरकावर निकाल उभा आहे, त्याच्या दुप्पट तर मापकाचीच सूट आहे. हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये? ४८ तास चालवली असती, तर बाराव्या तासापासून शेवटपर्यंत ३.३ अंशांची चढ हातात आली असती, तिच्यात ०.१५ ने निकाल पाच टक्क्यांच्या आतच हलला असता. ॲशरेने ३६ ते ४८ तास हे हौसेने लिहिलेलं नाही.

आता ते ०.१५ अंश कुठे जाऊ शकतात ते ऐका. तुमचा दहावा ते चौदावा तास म्हणजे ऑक्टोबरमधल्या रात्रीचे दोन ते सकाळचे सहा. बाहेरची हवा सतत थंड होत चाललेली. साइटवरच्या फोटोत ट्रेलरपासून बोअरपर्यंतचे होज उघडे, काळे, गवतावर पडलेले दिसतात. एकावरही इन्सुलेशन नाही. हीटरची उष्णता त्या होजमधून आकाशात गेली आणि तुम्ही गृहीत धरलंत की ती जमिनीने शोषली. जमीन जास्त वाहक दिसली, बोअर कमी लागली, खर्च खाली आला, सगळे खूश. चूक नेमकी आपल्याला हव्या त्या बाजूला झाली की ती शोधायला कुणी जात नाही. पण इंजिनिअरने सर्वांत आधी तिथेच शोधायला हवं. हे वर्गात मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ठेकेदाराने पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये वीजशक्तीचा स्वतंत्र कॉलम आहे. रात्री तीनच्या सुमारास जनरेटरची शक्ती ४.५ वरून ४.४ किलोवॅटवर उतरली आणि तिथेच राहिली. अहवालाच्या परिशिष्टात तो कॉलम नाही. त्या जागी एका ओळीत सरासरी शक्ती दिली आहे, आणि आलेखावरचा तीननंतरचा खळगा ‘स्मूद’ करून टाकला आहे. शक्तीचं प्रमाण विचलन सरासरीच्या दीड टक्क्याच्या आत हवं, हे कशासाठी? तुमच्या बोअरमध्ये पाणी तोवर मूळ तापमानाच्या वर चौदा-पंधरा अंश गेलेलं असतं. शक्ती दोन टक्क्यांनी घसरली तर त्यातून पाव अंशाच्या आसपास तापमान कमी होतं. हरवलेले ०.१५ अंश एकट्या त्या जनरेटरनेही खाल्लेले असू शकतात. हे तुम्हाला दिसलं होतं. दिसलं नसतं तर कॉलम काढला नसतात. १४ तासांत टेस्ट उरकणं हा आळस झाला. नोंद लपवणं हा खोटेपणा आहे, आणि दोन्हींना मी एकच शिक्षा देणार नाही. रेषा सरळ दिसावी म्हणून बिंदू खोडणाऱ्या माणसाच्या हातात मी साधं थर्मामीटरही देणार नाही.

जमिनीचं मूळ तापमानही तुम्ही असंच उरकलं आहे. अहवालात १४.१ अंश लिहिलं आहे. ते दोन तास पंप फिरवल्यानंतर वाचलेलं पाण्याचं तापमान आहे. पंप स्वतःची उष्णता पाण्यात घालतो, हे विसरलात? हे तापमान मिळवण्याची चांगली संधी एकदाच येते. पंप पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा लूपमध्ये दिवसेंदिवस उभं राहून जमिनीच्या तापमानाला आलेलं पाणी वर येतं. तुमच्या ७५ मीटरच्या लूपमध्ये नव्वद लिटरच्या आसपास पाणी मावतं. मिनिटाला १५ लिटर वेगाने ते सगळं सहा मिनिटांत वर येऊन जातं. त्या सहा मिनिटांत दर काही सेकंदांनी नोंद घ्यायची असते. तुमचा लॉगर दर दहा मिनिटांनी नोंद घेत होता. म्हणजे ज्या पाण्याजवळ खरं उत्तर होतं, ते दोन नोंदींच्या मधून निघून गेलं. आणि बोअर मारून ग्राउट भरल्यावर टेस्टपूर्वी किती दिवस थांबलात? अहवालात तारखाच नाहीत. चांगल्या वाहकतेच्या जमिनीत तीन, कमी वाहकतेच्या जमिनीत पाच दिवस थांबायचं असतं, कारण ड्रिलिंगने आणि सिमेंट असलेल्या ग्राउटने जमीन तापलेली असते.

टेस्ट बोअर ७५ मीटर आणि डिझाइन १२० मीटर, हे का, याचं एका शब्दाचंही स्पष्टीकरण अहवालात नाही. त्या भागात वर हिमनद्यांनी आणून टाकलेली माती-गोट्यांचा जाड थर आणि खाली चुनखडक, शेल असे खडक सापडतात. टेस्ट जी सरासरी देते ती तेवढ्याच खोलीची. वरच्या ७५ मीटरने दिलेलं उत्तर खालच्या ४५ मीटरच्या तोंडी कसं घालता? ड्रिलरची नोंद असती, किती मीटरवर माती संपली, कुठे पाणी लागलं, कुठे रिगचा वेग पडला, तर निदान अंदाज करता आला असता. ती नोंद तुम्ही मागितलीच नाही. रिगवरचा माणूस खडकाला प्रत्यक्ष हात लावून आलेला असतो. त्याच्या चिखलाने माखलेल्या वहीतल्या दहा ओळी तुमच्या साठ पानांच्या अहवालापेक्षा मला जास्त मोलाच्या आहेत.

पाणी लागलं असेल तर आणखी एक तपासणी राहिली. भूजल वाहतं असेल तर ते उष्णता उचलून नेतं आणि टेस्ट जितकी लांबवाल तितकी वाहकता वाढत गेल्यासारखी दिसते. म्हणून शेवटची वेळ २४, ३०, ३६, ४२ तास अशी सरकवत प्रत्येक वेळी वाहकता काढायची. आकडा एका जागी ठरला तर विश्वास ठेवायचा. चढतच राहिला तर ती निव्वळ वाहकता नसते आणि तो आकडा कोरड्या मोसमातही तसाच राहील याची खात्री नसते. चार तासांच्या माहितीत तुम्ही काय सरकवणार होतात?

फोनवर तुम्ही दोन उत्तरं दिलीत. पहिलं, ‘सर, टेस्ट तिकडच्या ठेकेदाराने केली.’ त्याला १४ तासांची परवानगी देणाऱ्या ईमेलवर नाव तुमचं आहे. स्पेसिफिकेशनमध्ये कालावधी, शक्तीची स्थिरता, इन्सुलेशन, लॉगरचं अंतर यांपैकी काहीही तुम्ही लिहिलं नाहीत, मग तो का पाळेल? दुसरं, ‘सॉफ्टवेअरने इनपुट स्वीकारलं.’ सॉफ्टवेअर काहीही स्वीकारतं. त्याला उघडा होज दिसत नाही, जनरेटर ऐकू येत नाही. ते बघण्यासाठीच तुम्हाला पगार मिळतो.

याचा परिणाम काय, तेही सांगून ठेवतो. वाहकता २.० असताना २.४७ धरली, तर बोअरची लांबी त्याच प्रमाणात घटत नाही, कारण नळी आणि ग्राउटचा रोध तेवढाच राहतो. तरी शंभरात दहा-पंधरा बोअर कमी होतात. पहिल्या वर्षी काही कळत नाही. शाळेत माणसं, दिवे, संगणक यांची उष्णता बाहेर काढण्याचं काम जास्त असेल, तर जमीन दरवर्षी थोडी तापत जाते. लूपमधून हीट पंपाकडे येणारं पाणी दर उन्हाळ्यात मागच्यापेक्षा गरम येतं, वीज जास्त जाते, आणि एखाद्या सप्टेंबरच्या दुपारी हाय प्रेशर कटआउट पडून वर्ग तापतात. मग कूलिंग टॉवर जोडा, डागडुजी करा. उलट चूक झाली, वाहकता कमी धरली, तर नको असलेली बोअर मारली जातात, किंमत फुगते आणि शाळेचं मंडळ म्हणतं की हे महागडं खूळ नको, गॅसचा बॉयलरच बरा. दोन्हींकडून बदनामी होते ती या तंत्राची. एका चांगल्या उपायाला तुमच्यासारख्यांच्या घाईने बट्टा लागतो, याचा मला सर्वांत जास्त राग आहे. स्टीव्ह कॅव्हेनॉसारख्या माणसांनी उभी हयात घालवून या डिझाइनचे आडाखे बसवले आणि तुम्ही ते एका रात्रीत वाया घालवता.

तर आता करायचं काय. हा अहवाल आजच मागे घ्या. मागे का घेतो आहोत, हे क्लायंटला खरं सांगा. शक्तीच्या कॉलमविषयीही सांगा. १२० मीटरचं नवं टेस्ट बोअर मागा, ज्या नळीने आणि ज्या ग्राउटने प्रत्यक्ष काम होणार आहे तेच वापरून. ते बोअर पुढे फील्डमध्येच जोडलं जातं, त्यामुळे पैसा फुकट जाणार नाही, हेही त्यांना समजावून सांगा. ग्राउटनंतर पाच दिवस थांबा. होज इन्सुलेट करा. पहिली पंधरा मिनिटं दर पाच सेकंदांनी नोंद घ्या. ४८ तास चालवा. जनरेटर बंद पडून टेस्ट तुटली, तर लगेच पुन्हा सुरू करू नका. लूप मूळ तापमानाच्या ०.३ अंशांच्या आत परत येईपर्यंत दहा ते चौदा दिवस जातात, ते जाऊ द्या. एवढा वेळ देता येत नसेल तर काम सोडा, दुसऱ्या कुणाला करू द्या.

आणि तिघांपैकी ज्याने तो कॉलम काढला, त्याने माझ्याकडे एकट्याने यावं. बाकी दोघांनी त्याच्या वतीने बोलू नये. नव्या अहवालात मला पहिल्या पानावर ड्रिलरची नोंद हवी आणि शेवटच्या पानावर मूळ फाइल हवी, एकही ओळ न खोडलेली. त्याआधी माझ्याकडे सही मागायला येऊ नका.